सायलेन्सरचं विश्वस्त मंडळ

आमच्या घरात हळू कुणी बोलायचंच नाही. इचलकरंजीत मागाच्या शेडला लागून आमच्या दोन खोल्या होत्या आणि शेडमधले माग दिवसरात्र खडखडायचे. बाबा शेडमध्ये मागावर, आई घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. "मीठ दे" म्हणायचं तरी ओरडून. भांडण मात्र खुणांनी व्हायचं, कारण ओरडणं रोजच्या बोलण्यातच खर्च झालेलं असायचं. लाइट गेली की माग थांबायचे आणि एकदम सगळं ऐकू यायचं, पण तेव्हा अंधार. म्हणजे अभ्यासाला शांतता मिळायची तेव्हा पुस्तक दिसायचं नाही, आणि पुस्तक दिसायचं तेव्हा स्वतःचं वाचलेलं स्वतःला ऐकू यायचं नाही. अशा घरातून मी इंजिनिअर झाले. हे मी अभिमानानं सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मी दहावीला जाईपर्यंत बाबांचे कान गेले होते. त्यांना सही येत नव्हती. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते अंगठा उठवायचे. इतका स्वच्छ, रेघ न् रेघ दिसेल असा, की आमच्या बाई तो बाकीच्या पालकांना दाखवायच्या. अंगठा उठवावा तर असा.

अशा घरातली मुलगी एम.एस. करायला अमेरिकेत गेली आणि नेमकी कुणाच्या घरात राहायला गेली, तर ज्या माणसाला आवाजाचं वावडं होतं त्याच्या.

काका मूळचे नागपूरचे. हर्नडनच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात त्यांची नोकरी गेली, आणि रिटायर झाल्यावर ती कला त्यांनी घरी आणली. गावापासून बरंच लांब, व्हर्जिनियाच्या घोड्यांच्या मुलखात त्यांनी घर आणि चांगली ऐसपैस जमीन घेतली होती, कारण तिथं शांतता होती. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी तळघराची खोली द्यायची आहे असं टाकलं होतं. त्याखाली अटी होत्या. त्यातली पहिली, 'आवाज नको.' मी लगेच फोन केला. पलीकडून एक कुजबुजता आवाज म्हणाला, "पोरी, तू फोनवरून बोलून राहिली की डायरेक्ट?"

त्या घरात खुर्च्यांच्या पायांना मोजे होते. दारांना रबर होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत काकू चिमट्यानं ती अलगद उचलून धरायच्या आणि वाफ सोडून द्यायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे कौशल्य त्यांच्या हाती आलं होतं. मी जेवताना माझ्या कॉलेजची गंमत सांगायला लागले की काका डोळे मिटून फक्त एक शब्द उच्चारायचे. "व्हॉल्यूम."

काकांचा दुसरा आजार म्हणजे नियम. कुठल्याही वस्तूचं माहितीपत्रक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं म्हणजे त्यांच्या मानानं. टोस्टर आणला तेव्हा मी आणि काकू भुकेल्या बसलो होतो आणि काका, टोस्टर आंघोळीच्या टबात वापरू नये, इथवर आले होते. काकू म्हणाल्या, "आपल्याकडं टब नाहीय." काका म्हणाले, "टब नसला तर काय करायचं, ते पुढं दिलं असेल. पाहू दे."

अशा माणसानं बंदूक कशी घेतली, हे ऐकण्यासारखं आहे.

काकूंच्या वाफ्यात मेथी, शेपू, अळू, चवळी होती. त्या वाफ्याखाली एक ग्राउंडहॉग बीळ करून राहिला. मांजरीहून मोठा, पोटानं जमिनीवर टेकलेला, तपकिरी प्राणी. सकाळी उठून तो मेथीच्या शेंड्यांपासून सुरुवात करायचा. त्याला मारायचा प्रश्न नव्हता. "माझ्या मेथीसाठी जीव घ्यायचा नाही," असं काकूंनी बजावलं होतं. म्हणून काकांनी, निव्वळ त्याला आवाजानं घाबरवण्यासाठी, पॉइंट टू टू ची साधी, एकेक गोळी भरायची रायफल आणली. मागं मातीचा उंच बांध, त्यापुढं लोखंडी ताट टांगलेलं, सगळं नियमानुसार. पहिली गोळी झाडली. ग्राउंडहॉगनं मान वळवली, पाहिलं, आणि पुन्हा शेपूत तोंड घातलं. शेजारच्या कुंपणात मात्र एक घोडी उधळली आणि तिच्यावर बसलेल्या शेजारीणबाई खाली आल्या. बाई वयस्कर, पण हाडं मजबूत. त्या स्वतः चालत आल्या आणि काकांशी इतकं शांतपणे बोलल्या की काकांना ते आयुष्यभर पुरलं.

त्या दिवसापासून काका सायलेन्सरच्या मागं लागले.

काकूंनी एकदाच विचारलं. "बंदूक आवाजासाठी आणलीत. आता तिचा आवाज घालवताय. मग तो मेला घाबरणार कशाला?"

काकांनी थोडा विचार केला. "तो मुद्दा आता राहिला नाही," म्हणाले.

मी बंदुकीच्या वाऱ्याला उभी राहू नये यासाठी त्यांनी घेतलेली काळजी वेगळीच. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा गोळी जवळ बाळगणं इथल्या कायद्यानं गुन्हा आहे. हे मला माहीतही नव्हतं. काकांनी ते वाचलं आणि त्याच दुपारी गॅरेजमध्ये, रायफलच्या तिजोरीपासून चांगल्या अंतरावर, जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली. मी पट्टीच्या अलीकडं. अडचण एवढीच होती की कपड्यांचं मशीन पट्टीच्या पलीकडं होतं. मग काकांनी पट्टी उखडून मशीनला वळसा घालून पुन्हा चिकटवली. गॅरेजच्या जमिनीवर एका अरुंद देशाचा नकाशा तयार झाला, ज्यात मी, माझी बादली आणि मशीन एवढेच होतो. मी कपडे घेऊन निघाले की काका पेपरातून मान वर न करता विचारायचे, "व्हिसा?" मी म्हणायचे, "आहे." मग जाऊ द्यायचे.

सायलेन्सर म्हणजे सिनेमात दाखवतात तसं काही नसतं, हे काका येईल त्याला ऐकवायचे. घरी पूजेला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी ऐकवलं. ती एक पोकळ नळी. आत पडदे. बंदुकीतून सुटलेला वायू त्या पडद्यांत अडखळत थंड होतो आणि धमाका बराच कमी होतो. नाहीसा होत नाही. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली तर वाटेत तिचा स्वतःचा कडाका होतो, त्याला नळी काही करू शकत नाही. म्हणून हळू जाणाऱ्या गोळ्या घ्यायच्या. पॉइंट टू टू च्या गोळीची काजळी आणि शिसं नळीत साठतं, म्हणून उघडून साफ करता येईल अशीच नळी घ्यायची. आणि नळी बसवायला बंदुकीच्या तोंडाला आटे हवेत. काकांच्या रायफलला नव्हते. बंदुकीच्या कारागिराकडून ते पाडून घेतल्यावर काकांनी सरळ सळई घालून ओळ तपासली, कारण नळी वाकडी बसली तर गोळी आतले पडदे फोडत जाते. तपासून झाल्यावर म्हणाले, "परफेक्ट." गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि निघाले.

व्हर्जिनियात नळी घ्यायला बंदी नाही. पण केंद्र सरकारची परवानगी येईपर्यंत ती दुकानदाराच्या तिजोरीतच राहते. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, कळवायची प्रत, आणि मग वाट पाहणं. काकांनी नळी पसंत करून ठेवली आणि अर्ज जायच्या आधीपासूनच शनिवारी तिला भेटायला जायला लागले. दुकानदार ती काचेवर ठेवायचा. काका पाहायचे, विचारपूस करायचे, परत यायचे. काकू म्हणायच्या, "गेले जेलात भाऊबंदाला भेटायला."

अर्ज एकट्याच्या नावानं केला तर ती नळी फक्त त्याच माणसानं बाळगायची. काका चिंतेत पडले. "उद्या मी नागपूरला गेलो आणि नळी घरात राहिली, तर तू गुन्हेगार होशील," काकूंना म्हणाले.

"मग मी पण नागपूरला येते."

"तसं नाही ना बाप्पा. ट्रस्ट करावा लागते. ट्रस्ट केला की सगळ्या विश्वस्तांना ती बाळगता येते."

इथं घोळाला सुरुवात झाली. अमेरिकेत लोक असा ट्रस्ट करतात म्हणजे नवरा-बायको, फार तर एखादा मुलगा, एवढीच नावं घालतात. पण काका मंडळाचे अनेक वर्षांचे कार्यवाह. ट्रस्ट हा शब्द कानावर पडला की त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यकारिणी उभी राहायची. त्यांनी ती बनवली. अध्यक्ष स्वतः. खजिनदार काकू. उपाध्यक्ष त्यांचा मुलगा, जो सांता क्लाराला असतो आणि ज्यानं फोनवर सगळं ऐकून "डॅड, नो," एवढंच सांगितलं. ते पद रिकामं ठेवलं.

मग माझ्याकडं वळले. "पोरी, तुझं अक्षर चांगलं आहे. घरातच असते. तू चिटणीस."

आता हसू येतं. पण तेव्हा मला ते पद फार मोठं वाटलं होतं, हे खरं आहे. आमच्या घरातलं कुणी कधी कुठल्या कमिटीवर नव्हतं. बाबा युनियनचे होते, पण मोर्चात मागून चालायचे. मी त्याच दिवशी घरी फोन लावला आणि ओरडून सांगितलं. आई म्हणाली, "कसली ट्रस्ट? देवळाची?"

"बंदुकीच्या नळीची."

"बरं," आई म्हणाली. "थंडीत टोपी घालत जा."

ठसे घरीच घ्यायचे ठरलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, मधोमध शाईचं पॅड. ट्रस्टचा मसुदा बाजूला, सह्या अजून व्हायच्या होत्या. काकूंचे ठसे आधी झाले आणि त्या हात धुऊन कुकर लावायला गेल्या. मग मी बसले. अंगठा शाईत बुडवला, कागदावर ठेवला, हलके फिरवला. काय उठला म्हणून सांगू. काका चष्मा वर करून पाहत राहिले.

"कुठं शिकली हे?"

"वंशपरंपरेनं," मी म्हटलं. "आमच्यात सही करणारी मी पहिली. आणि एक डिग्री घेऊन, दुसरी घेता घेता शेवटी अंगठ्यावरच आले."

काकांना हसू आलं. आवाज न होणारं हसायचे ते, फक्त खांदे हलायचे. मग माझ्या बाजूचा अर्ज घेऊन, आपल्या सवयीप्रमाणे, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. प्रत्येक प्रश्न वाचायचा, माझ्याकडं पाहायचं, मी 'नाही' म्हणायचं. तुझ्यावर खटला आहे का. नाही. तू फरार आहेस का. नाही. व्यसन. नाही. तालात चाललं होतं.

"तू नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेली परदेशी नागरिक आहेस का."

"हो."

काकांनी तो प्रश्न पुन्हा वाचला, जरा वेगळ्या चालीत, जणू चाल बदलली तर उत्तर बदलेल.

"हो, काका. अजूनही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्या घरात ती मी पहिल्यांदा ऐकली. काकू चिमटा हातात तसाच धरून दारात आल्या होत्या.

कायद्याच्या लेखी ती नळी एकटीसुद्धा बंदूकच असते, हे काकांनीच मला शिकवलेलं. विश्वस्त म्हणजे ती बाळगण्याचा हक्क असलेला माणूस. तो अर्ज माझ्या नावानिशी गेला असता तर मी खरं लिहिलं तरी सरकारदरबारी माझी नोंद झाली असती की ही विद्यार्थिनी बंदूक बाळगू पाहते, आणि खोटं लिहिलं असतं तर सरळ गुन्हा. माझा थिसिस अर्धा झाला होता. बाबा अजून मागावर उभे होते, आणि घरी तीच एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, की मी डिग्री घेऊन येणार.

"ज्या पट्टीपलीकडं तिला पाऊल टाकू देत नाही," काकू म्हणाल्या, "त्या पट्टीपलीकडच्या वस्तूची तिला चिटणीस केलीत."

काकांचा चेहरा शाईच्या पॅडसारखा झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. मला त्यांची दया आली, पण माझीच जास्त.

"एक पळवाट आहे," थोड्या वेळानं ते पुटपुटले. "शिकारीचं लायसन्स काढलं तर अशा लोकांना सूट आहे. एक कोर्स करावा लागते."

"लोकांची पोर शिकायला आली आहे," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना कुणी 'व्हॉल्यूम' म्हटलं नाही. "तिला बंदूक नको, शिकार नको, तुमचं मंडळ नको. फाडा तो कागद."

कागद फाडला. सही कुणाचीच नव्हती, कुठं काही पाठवलेलं नव्हतं, म्हणजे कायद्यानं काहीच घडलेलं नव्हतं. ती संध्याकाळ मी खोबरेल तेलानं बोटं घासत बसले.

पण काकांचं समाधान होईना. रविवारी त्यांनी विशेष सभा बोलावली. मी, काकू, ते. गणपूर्ती झाली असं जाहीर केलं. चिटणीसांना पदमुक्त करण्याचा ठराव त्यांनी मांडला, काकूंनी लसूण सोलता सोलता अनुमोदन दिलं. इतिवृत्त लिहायचं काम चिटणीसाचं, आणि ठराव मंजूर होईपर्यंत चिटणीस मीच. तेव्हा माझ्या हकालपट्टीचं इतिवृत्त मी माझ्याच चांगल्या अक्षरात लिहिलं. शेवटी काकांनी एक वाक्य घालायला सांगितलं. 'चूक अध्यक्षांची.' ते लिहिताना त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ग्राउंडहॉग अळूवर होता.

नवीन ट्रस्ट दोघांचाच झाला. शिक्का मारलेली परवानगी काही महिन्यांनी आली आणि नळी घरी आली. परवानगीची प्रत तिच्या डब्यात, एक तिजोरीत, एक देवघरात. पहिल्याच दिवशी 'कडाक' असा आवाज आला आणि घोड्यांनी कान टवकारले. काकूंनी विचारलं, हे काय? तर हळू जाणाऱ्या गोळ्यांचं पाकीट काकांनी आणलेलं होतं, पण जुन्या गोळ्या शिल्लक होत्या. "आधी जुन्या संपवू," म्हणाले. चाळीस वर्षं अमेरिकेत काढून माणूस एवढाच बदलतो. आणखी एकदा त्यांनी नळीतले पडदे साफ करायला काकूंच्या दागिने धुण्याच्या मशीनमध्ये टाकले. काकूंना पाण्यात काळं शिसं दिसलं. त्यानंतर आठवडाभर त्या घरात नेहमीपेक्षाही जास्त शांतता होती, आणि मग एक नवीन मशीन आलं, ज्यावर काकांनी लेबल लावलं, 'मंगळसूत्र टाकू नये.'

माझ्या पदवीदानाला बाबा आले. आई म्हणाली, मला विमानात कोंडू नका, तूच जाऊन ये. बाबा विमानतळावर मला पाहून जे बोलले ते चार रांगा लांबच्या लोकांनी वळून ऐकलं. गाडीत काका कुजबुजत होते आणि बाबा गर्जत होते. दोघांची लगेच गट्टी जमली. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला पहिल्याचं ऐकवत नव्हतं, तरी दोघं तासभर मेथीवर बोलले.

कार्यक्रम दुपारी होता. सकाळी काका म्हणाले, पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवू. अंगणात काकूंची कपड्यांची दोरी बांधली, तिला पिवळी पट्टी गुंडाळली. "दोन्ही व्हिसावाले दोरीच्या अलीकडं," म्हणाले. बाबांना मी खुणेनं समजावलं. ते दोरीमागं ताठ उभे राहिले, झेंडावंदनाला राहतात तसे. काकांनी सगळ्यांना कानावरची गार्डं वाटली. बाबांनाही. मी म्हटलं, "काका, त्यांना कशाला?"

"नियम," काका म्हणाले, आणि बाबांच्या गेलेल्या कानांवर त्यांनी स्वतःच्या हातांनी ती नीट बसवली.

हळू जाणारी गोळी. नळी. काका बराच वेळ नेम धरून होते. मग फट्‌ असा, पुस्तक मिटल्याएवढा आवाज, आणि लांब लोखंडी ताट टणकन वाजलं. पलीकडं घोडे चरत होते, चरत राहिले. ग्राउंडहॉग चवळीच्या वेलाशी होता, तोही.

काकांनी रायफल रिकामी केली, खाली ठेवली, दोरीपाशी आले. बाबांची गार्डं काढली. तोंडाजवळ तोंड नेऊन, हातवारे करत विचारलं, "आवाज? आला का आवाज?"

बाबा म्हणाले, "कसला आवाज? कुठं काय झालं?"

ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. शेजारची घोडी कुंपणाकडं उधळली, दुसरा घोडा तिच्यामागं, आणि ग्राउंडहॉग वेल सोडून पहिल्यांदा, मी पाहिलं तेव्हापासून पहिल्यांदा, पळाला. बिळात गेला.

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून म्हणाल्या, "साक्षीदार तरी बघून घ्यायचा."

"साक्षीदार साक्षीदार असते," काका म्हणाले. त्यांनी मंडळाची वही आणली आणि उभ्या उभ्या लिहिलं की अमुक दिवशी चाचणी झाली, उपस्थित पाहुण्यांना कोणताही आवाज आला नाही. पेन बाबांपुढं धरलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांना अंगठा वर करून दाखवला.

नियम काय म्हणतो, हे काका शोधत बसतील असं मला वाटलं. त्यांनी शोधलं नाही. आत जाऊन तेच शाईचं पॅड घेऊन आले.

बाबांचा अंगठा नेहमीसारखाच उठला, रेघ न् रेघ. काका चष्मा वर करून पाहत राहिले, आणि मग माझ्याकडं.

दुपारी तीनच्या सुमारास माझं नाव पुकारलं. मी एम.एस. झाले. आमच्या घरात पहिली.